पहिले पन्नास मीटर



आजचे व्याख्यान सहा वाजता सुरू व्हायचे होते. आता सव्वासहा झाले आहेत. अध्यक्षांची गाडी चन्नम्मा सर्कलला अडकली होती, आणि हार आणायला गेलेला कार्यकर्ता अजून परतलेला नाही असे आत्ताच कानावर आले. त्यामुळे विषयाची ओळख करून देण्याचे माझे काम आपोआप झाले आहे.

या सभागृहात मी गेली अनेक वर्षे व्याख्याने ऐकत आलो, पण ती शेवटच्या ओळीतून. दवाखाना बंद करून येईपर्यंत पुढच्या खुर्च्या भरलेल्या असत. चिटणीसांनी यंदा बोलायला बोलावले तेव्हा मला वाटले, होमिओपथीवर बोला म्हणतील. ते म्हणाले, विषय तुमचा तुम्ही ठरवा. मी म्हणालो, चौकावर बोलतो. त्यांना वाटले, चौकातल्या साहित्यिक गप्पांवर. मी म्हणालो, नाही, चौकातल्या धुरावर आणि गर्दीवर. थोडा वेळ फोनवर शांतता होती. मग ते म्हणाले, बोला, तेवढाच बदल.

मी वाहतूकतज्ज्ञ नाही. बी.एच.एम.एस. झालेला एक साधा डॉक्टर आहे. १९८७ साली दवाखाना थाटला, एका चौकाच्या कोपऱ्यापासून तिसऱ्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. चौकाचे नाव घेत नाही, पुढे काही गोष्टी सांगायच्या आहेत म्हणून. तुमच्यापैकी निम्म्यांनी ओळखलाच असेल. जागा वडिलांनी निवडली. त्यांचे म्हणणे, चौकातली जागा सोडू नये, येणाऱ्याजाणाऱ्याला पाटी दिसते. तेव्हा चौकात सिग्नल नव्हता. एक पोलीस छत्रीखाली उभा असे, सायकलींची रीघ असे, टांगे होते, आणि शनिवारी बाजाराला खेड्यांतून बैलगाड्या येत. आज त्याच चौकातून केए २२ च्या जोडीला चंदगडकडून एमएच ०९ येतात, चोर्ला घाटातून जीए पाटीच्या गाड्या खरेदीला येतात. पुणे–बंगळूर रस्ता एकेकाळी शहरातूनच जायचा, पी. बी. रोड हे नाव त्यामुळेच पडले. पुढे बायपास झाला आणि अवजड गाड्या बाहेरून जाऊ लागल्या. त्यांची रिकामी झालेली जागा आपल्या स्कूटर-मोटारींनी कधी भरून काढली, ते आपल्यालाही कळले नाही.

आमच्या पद्धतीत रोग्याला विचारायचा एक ठरलेला प्रश्न असतो. त्रास केव्हा वाढतो आणि केव्हा कमी होतो? रात्री की पहाटे, थंडीने की उकाड्याने, बसल्यावर की चालल्यावर. औषध निवडायचे ते बरेचसे या उत्तरावर. माझ्या कोपऱ्यावरचे रोगी, म्हणजे दुकानदार, स्टँडवरचे रिक्षावाले, उभ्याने ड्युटी करणारे पोलीस, या प्रश्नाला एकसारखे उत्तर देऊ लागले. रविवारी बरे असते. जत्रेला गावी गेलो तर आठ दिवस खोकलाच नाही. आल्यावर दोन दिवसांत पुन्हा सुरू. हे उत्तर मी केसपेपरवर इमानाने लिहून घेत होतो. 'चौकात वाढतो, चौकापासून दूर कमी होतो' असे लक्षण आमच्या कुठल्याही लक्षणकोशात नाही, म्हणून त्याच्या आसपासचे काही शोधून पुड्या देत होतो.

त्यातल्या एक फुलवाल्या मावशी. माझ्या जिन्याच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून बसायच्या. वीसेक वर्षे तरी मी त्यांना तिथे पाहत होतो. सकाळी गजरे, संध्याकाळी देवाचे हार. त्यांचा खोकला मी वर्षानुवर्षे सांभाळला. औषध बदलले, शक्ती बदलली, पुन्हा पहिल्यावर आलो. थोडे दिवस बरे वाटायचे, पुन्हा तेच. दमा वाढला तेव्हा मीच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी पंप दिला, आणि मी बजावले की माझ्या गोळ्या घ्या किंवा घेऊ नका, पंप चुकवायचा नाही. माझ्या व्यवसायबंधूंपैकी कोणी इथे असतील तर त्यांनाही हेच सांगणे आहे.

एकदा असाच वैतागून रात्री हानेमानचा 'ऑर्गॅनॉन' उघडला. कॉलेजात पाठ केलेला ग्रंथ, पहिली आवृत्ती १८१० ची. त्याच्या ७७ व्या परिच्छेदाशी थांबलो. ज्या माणसाला टाळता येण्याजोग्या अपायकारक गोष्टींत सतत राहावे लागते, दलदलीत, कोंदट तळघरात, मोकळ्या हवेवाचून, त्याच्या दुखण्याला जुनाट रोग म्हणू नये, असे हानेमान तिथे म्हणतो. शरीरात दुसरा काही जुनाट रोग दडलेला नसेल तर राहणी सुधारली की ते दुखणे आपोआप जाते. मी ते वाक्य परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. मग वीस वर्षे मी मावशींच्या फुफ्फुसांवर उपचार करत होतो आणि त्यांच्या बसण्याच्या जागेकडे बघतही नव्हतो. खिडकी उघडली असती तर दिसली असती, पण धूर येतो म्हणून मी ती बंद ठेवत असे.

चौकात नेमके काय होते, ते माझ्या परीने सांगतो. धुरातले सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे, नाकातल्या केसांना दाद देत नाहीत आणि थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्याहून बारीक कण रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. सोबत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. संध्याकाळी पोलिसांचे डोके दुखते म्हणतात त्याला ऊन हे एकच कारण नसते.

मात्र हा धूर रस्त्यावर सगळीकडे सारखा नसतो, आणि आजच्या विषयाचा सगळा भार या गोष्टीवर आहे. गाडी एका वेगाने चालली असेल तर कमी धूर सोडते. थांबून इंजिन चालू ठेवले तर जागच्या जागी धूर साठतो. आणि थांबलेली गाडी पुन्हा जोर लावून निघते तेव्हा सर्वांत जास्त सोडते. थांबणे आणि निघणे या दोन्ही गोष्टी चौकात घडतात, त्याही पांढऱ्या पट्टीच्या मागच्या पुढच्या थोड्याशाच जागेत. रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटर आत गेले की अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण झपाट्याने उतरते. म्हणजे शहराची हवा वर्तमानपत्रात 'समाधानकारक' छापून येते त्याच दिवशी मावशींच्या टोपलीपाशी ती तशी नसते. धुराची नळी असते गुडघ्याच्या उंचीवर. जमिनीवर बसलेल्या बाईचे नाक त्याच उंचीला, आणि स्कूटरवर बापाच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पोराचेही जवळपास तिथेच.

थांबण्यामुळे केवढा फरक पडतो याचा एक पुरावा मला फार पटला. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत टोलनाक्यांवर गाडी न थांबवता पैसे कापून घेण्याची यंत्रणा आली. जॅनेट करी आणि रीड वॉकर या अर्थशास्त्रज्ञांनी नाक्यांच्या आसपास राहणाऱ्या बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या; अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नाक्यापासून दोन किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये, जरा दूरच्या आयांच्या तुलनेत, दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणे सुमारे ११ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळे सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. लक्षात घ्या, रस्ता तोच होता. कुणी रुंदीकरण केले नव्हते, झाडे लावली नव्हती. फक्त गाड्या रांगेत थांबायच्या बंद झाल्या होत्या. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. कोल्हापूरला जाताना हत्तरगीला आणि कोगनोळीला आपण किती वेळ रांगेत बसायचो ते आठवा. तेव्हा मला माझा वेळ वाचला एवढेच कळले होते. नाक्यालगतच्या वस्तीतल्या गरोदर बायका माझ्या मनातही आल्या नव्हत्या.

तेव्हा चौकाचे दुखणे गाड्यांच्या संख्येत आहे तितकेच थांबण्यात आहे, असे माझे निदान झाले. संख्या कमी करणे सरकारांनाही जमत नाही. थांबणे कमी करणे मात्र बऱ्याच प्रमाणात हातातले आहे.

आता सिग्नलविषयी. त्याची जन्मकथा मजेदार आहे. पहिला वाहतूक सिग्नल डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटजवळ बसवला. रेल्वेच्या सिग्नलसारखे हात होते आणि रात्रीसाठी गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिनाभरात गॅसचा भडका उडाला आणि तो चालवणारा पोलीस भाजला. चौकातल्या धुराची पहिली झळ पोलिसालाच बसली, ती आजतागायत. विजेवर चालणारा सिग्नल १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला आला.

सिग्नलचा काळ किती असावा याचे गणित वेबस्टर नावाच्या इंग्रज संशोधकाने १९५८ मध्ये मांडले, आणि आजही अभियंते तेच शिकतात. मला ते नातवाने समजावले, तो हुबळीला सिव्हिल शिकतो. सोपे करून सांगतो. दिवा हिरवा झाला तरी पहिली गाडी हलायला दोन सेकंद जातात. पिवळ्याला चौक रिकामा व्हायला आणखी दोन. म्हणजे प्रत्येक पाळीला चारेक सेकंद वाया. आपल्याकडे चार रस्त्यांना चार वेगळ्या पाळ्या देतात, म्हणजे एका फेरीत १६ सेकंद गेले. फेरी ६० सेकंदांची असेल तर यात चौथ्या भागाहून जास्त वेळ फुकट जातो. म्हणून फेरी १२० सेकंदांची करतात. आता १३ टक्के फुकट. इथपर्यंत ठीक. गर्दी आणखी वाढली की कोणीतरी सांगतो, हिरवा वाढवा. फेरी १८० ची होते. वाया जाणारा वेळ ९ टक्क्यांवर येतो, म्हणजे मिळवले जेमतेम ४ टक्के, आणि लाल दिव्यापाशी उभे राहणे वाढले दीडपट. तेवढा वेळ तितकी इंजिने चालू. आपल्या शहरातल्या मोठ्या सर्कलवर आपण हे औषध वर्षानुवर्षे घेत आहोत. गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवायची, अशातला हा प्रकार. आमच्यात मात्रा कमी करतात, हे मी चौकाच्या बाबतीतही करून बघा म्हणतो. समोरासमोरच्या दोन रस्त्यांना एकत्र सोडले तर पाळ्या दोनच होतात, वाया जातात ८ सेकंद, आणि ६० सेकंदांच्या फेरीतही नुकसान १३ टक्केच राहते. अडचण उजवीकडे वळणाऱ्यांची. जिथे ते थोडे आहेत तिथे हे होऊ शकते. जिथे जास्त आहेत तिथे त्यांना पुढच्या चौकातून फिरवून आणावे लागते. सगळीकडे जमणार नाही. पण कुठे जमेल हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि आपल्याकडे मोजण्याआधी खोदतात.

त्या नातवाला घेऊन मी एका सोमवारी सकाळी दवाखान्याच्या खिडकीत बसलो. खिडकी उघडी. मला वाटत होते, हिरवा दिवा कमी पडतो. नातू म्हणाला, आजोबा, हिरव्याच्या दुसऱ्या अर्ध्यात बघा. पाहिले. दिवा हिरवा झाला की पट्टीजवळ दाटलेली वाहने एकदम भसकन निघतात, सहा-सात ओळींनी. त्यांची गर्दी सरली की मागून येणाऱ्या गाड्या एकामागून एक, एकाच ओळीत. हिरवा अर्धा रिकामाच जळतो. कारण पट्टीपाशी रस्ता रुंद आहे, पण त्याच्या मागे, पहिल्या पन्नास मीटरांत, डाव्या बाजूला स्कूटर लावलेल्या, त्यांच्या बाहेर रिक्षा थांबलेली, आणि तिच्याही बाहेर बसची वाट पाहणारी माणसे. तोंड मोठे आणि गळा आवळलेला. डावीकडे वळणाऱ्याला खरे तर थांबायचे कारण नसते, पण तोही या गळ्यातून सुटत नाही, सरळ जाणाऱ्यांच्या मागे लाल दिव्याला धूर सोडत उभा राहतो.

मग नातवाने विचारले, त्या स्कूटर कुणाच्या?

श्रोतेहो, त्यातल्या बऱ्याच माझ्या रोग्यांच्या होत्या.

आणि एवढ्यावर ते संपत नाही. काही वर्षांपूर्वी त्या बाजूला वाहने लावायची बंदी करायचा प्रस्ताव आला होता. आम्ही कोपऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी एक निवेदन तयार केले: गिऱ्हाईक तुटेल, वृद्ध रोग्यांची गैरसोय होईल. रोग्यांचे वाक्य माझे होते. डॉक्टरांची सही आहे म्हणून त्याला वजन आले. प्रस्ताव मागे पडला. चौकाच्या अगदी तोंडाशी वाहन लावू नये हा नियम तेव्हाही होताच. आम्ही तो न पाळण्याची परवानगी मागितली आणि ती न बोलता मिळाली. त्या निवेदनावर सही करून मी जिना उतरलो तेव्हा मावशी खाली खोकत बसल्या असणार. नक्की आठवत नाही. पण रोजच असायच्या.

आम्हा जैनांत साधूंसाठी ईर्यासमिती नावाचा एक नियम आहे. चालताना पुढची चार हात जमीन पाहून चालायचे, आपल्या पावलाखाली कुणी जीव येऊ नये म्हणून. लहानपणी पाठशाळेत मी तो घडाघडा म्हणत असे. गृहस्थाला तो तितका कडक लागू नाही, अशी पळवाट आहे. पण मला जिन्याखालच्या चार हातांतलेसुद्धा दिसले नव्हते, हे कबूल करायला हवे.

मी सही मागे घेतली. तसे पत्र दिले, आणि बंदी व्हावी असेही लिहिले. शेजारचे दुकानदार महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. एकाने तर सांगितले, डॉक्टर, तुमचे दिवस झाले, आमच्या पोरांना अजून दुकान चालवायचे आहे. त्यांचे चूक म्हणवत नाही. मी मागच्या गल्लीतल्या एका रिकाम्या आवाराच्या मालकाशी बोलून रोग्यांच्या गाड्या तिथे लावायची सोय केली. दोन मिनिटे चालावे लागते. गुडघेदुखीचे दोन रोगी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, बाकीचे टिकले. बंदी झाली, दोरी बांधली गेली, रिक्षांचा थांबा चौक ओलांडून पलीकडे नेला. बसथांबाही थोडा पुढे सरकला. तो चौकाच्या अलीकडे असण्यापेक्षा पलीकडे असावा हे जगभर मानतात. बस अलीकडे थांबली की हिरवा दिवा तिच्या पाठीमागेच संपतो. डावीकडे वळणारे सुटले. रांग पूर्वी किराणा दुकानाच्या पुढे जायची, ती आता बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे राहते. शनिवारी मात्र अजून तीच दैना, हेही सांगतो.

दुसरे काम गाडी बंद करण्याचे. दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन चालू ठेवण्यात जितके इंधन जाते त्यापेक्षा बंद करून पुन्हा सुरू करण्यात कमी जाते. 'पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते' ही समजूत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातली. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांना ती मुळीच लागू नाही. उभी मोटार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन पिते. दिल्लीत २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीम झाली, इंदूरलाही असा प्रयत्न झाला. आपल्याकडे आकडे दाखवणारे सिग्नल आहेत. तीस दिसले की किल्ली फिरवायची. मी फिरवतो. मागचे हॉर्न वाजवतात, त्यांना वाटते गाडी बंद पडली. परवा एकाने काच खाली करून विचारले, ढकलू काय?

उड्डाणपुलाविषयी विचारतीलच, म्हणून आधीच बोलतो. शहरातून मोठा पूल व्हावा अशी चर्चा आहे. रेल्वेच्या फाटकावर पूल हवा, यात शंका नाही. कपिलेश्वरचा, गोगटे सर्कलजवळचा, हे झाले नसते तर आपले हाल कुत्र्याने खाल्ले नसते. तिथे गाड्या आगगाडीसाठी थांबत होत्या. पण चौकावरच्या पुलाचे तसे नाही. पुलावरून सुटलेली गाडी पुढच्या चौकात जाऊन उभी राहते, आणि पुलाखालची हवा कोंदते. नवा रस्ता झाला की पूर्वी घरी राहणारे किंवा बसने जाणारे गाडी काढतात, हे अँथनी डाउन्स या अभ्यासकाने १९६२ मध्येच लिहून ठेवले. दक्षिण कोरियात सोलला शहराच्या मधला उंचावरचा रस्ता २००३ पासून पाडून खालचा ओढा मोकळा केला. आपण नुकतेच बांधायला निघालो आहोत.

स्टॉकहोमची गोष्ट मला अधिक उपयोगी वाटते. तिथे जानेवारी ते जुलै २००६ मध्ये शहराच्या मधल्या भागात येणाऱ्या गाड्यांवर पैसे लावून पाहिले. वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली. आधी बहुतेकांचा विरोध होता. चाचणी पाहिल्यावर लोकांनी मतदानात कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. पुढे मुलांमधले दम्याचे झटके कमी झाल्याचे अभ्यासात आढळले, तेही लगेच नाही, हळूहळू. पैसे लावा असे मी इथे म्हणत नाही, मला घरी जायचे आहे. पण आधी सहा महिने करून बघू, मग ठरवू, ही रीत घेण्यासारखी आहे. माझ्या कोपऱ्यावरची दोरी तशीच बांधली होती, तात्पुरती म्हणून.

बसबद्दल थोडेच. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, ही तक्रार खरी आहे. पण एका भरलेल्या बसमागे किती स्कूटर रस्त्यावर येत नाहीत हे आपण धरत नाही. बसथांब्यावर सावली, चौक ओलांडायला पुरेसा वेळ आणि वेळेवर बस, एवढे झाले तरी माझ्या वयाची मंडळी गाडी घरी ठेवतील. मी ठेवीन.

मावशींचे सांगायचे राहिले, आणि तेच मला सर्वांत जड जाते. पहिले पन्नास मीटर मोकळे करायचे म्हणजे स्कूटर गेल्या, रिक्षा गेल्या, आणि मावशीही गेल्या. दोरी सगळ्यांसाठी होती. मी त्यांना समजावायला गेलो. म्हटले, मावशी, तुमच्या छातीसाठीच चांगले आहे, गल्लीत बसा, धूर नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी म्हणता ते खरं हाय. पण धूर हाय तिथंच गिऱ्हाईक हाय की." मला उत्तर सुचले नाही. लाल दिव्याला थांबलेला माणूसच त्यांचे गिऱ्हाईक होता. हात लांब केला की गजरा. ज्या थांबण्याला मी रोग म्हणत होतो, त्यावर त्यांची चूल पेटत होती.

त्या आता मागच्या गल्लीच्या तोंडाशी बसतात, गाड्या लावायच्या आवाराजवळ. आवाराच्या मालकाने भाडे घेत नाही म्हणून सांगितले आहे, रोज देवाला एक हार एवढेच. खोकला कमी आहे. पंप चालू आहे, पण रात्री उठून बसावे लागत नाही म्हणतात. धंदा निम्मा झाला होता. सणासुदीला बरा, एरवी अजून पहिल्यासारखा नाही. या कामात कोणी हलवला गेला तर त्याला कुठे बसवायचे हे दोरी बांधण्याआधी ठरवायला हवे होते. ते आम्ही नंतर ठरवले, तेही नीट नाही. महानगरपालिकेत फेरीवाल्यांसाठी जागा आखून देण्याची तरतूद कायद्यात २०१४ पासून आहे. आमच्या चौकापुरता तसा अर्ज आम्ही केला आहे, या वेळी दुकानदारांच्याही सह्यांसह. त्यातल्या दोन सह्या माझ्याशी न बोलणाऱ्यांच्या आहेत.

माझी वेळ संपत आली. पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा आम्ही काही जण दुसऱ्या एका चौकात मोजायला बसणार आहोत: हिरवा किती, लाल किती, हिरव्यात किती गाड्या सुटल्या, पहिल्या पन्नास मीटरांत काय काय उभे आहे. वही आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढेच लागते. माझ्या पिढीच्या लोकांकडे दोन्ही असते. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे. गाडी आणू नये, लावायला जागा नाही.

आणि तो हार आला वाटते. अध्यक्षांना घालून घ्या. मावशींकडचाच आहे, वासावरून ओळखला.